खानदेशच्या रानाची उशिरा झालेली नोंद

महाराष्ट्राच्या वनसंपदेचा विषय निघाला की सह्याद्री आणि कोकण आठवतात. खानदेश म्हटले की केळी आणि कापूस. वनस्पतीशास्त्राच्या ग्रंथांत हा मुलूख फार काळ मागे राहिला, त्याचे कारण रानापेक्षा विद्यापीठांच्या नकाशात अधिक सापडते. डाल्झेल आणि गिब्सन यांचा ‘बॉम्बे फ्लोरा’ १८६१ मध्ये आला. थिओडोर कुक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ १९०१ ते १९०८ या काळात लंडनहून निघाला. कुक पुण्याच्या सायन्स कॉलेजचे प्राचार्य होते. पुणे-मुंबईच्या अभ्यासकांना घाट आणि कोकण जवळचे. सातपुड्यातले तोरणमाळ, अक्राणी, यावलचे डोंगर दूरचे. जळगाव-धुळ्याची कॉलेजेसुद्धा आधी मुंबई आणि मग १९९० पर्यंत पुणे विद्यापीठाला जोडलेली होती. १५ ऑगस्ट १९९० रोजी जळगावला उत्तर महाराष्ट्र विद्यापीठ स्थापन झाले आणि पदव्युत्तर संशोधनाचे केंद्र सातपुड्याच्या जवळ आले. द. आ. पाटील यांचा धुळे-नंदुरबारचा वनस्पतिकोश २००३ मध्ये प्रसिद्ध झाला, क्षीरसागर आणि पाटील यांचा जळगावचा २००८ मध्ये. कुकनंतर सुमारे शंभर वर्षांनी या जिल्ह्यांना स्वतःचे असे ग्रंथ मिळाले.

अशा संशोधनाला ‘नुसत्या याद्या’ म्हणून हिणवले जाते. नावे लिहिल्याने एकही झाड वाचत नाही, हा आक्षेप वरवर पाहता रास्त आहे. पण वनस्पतिसंग्रहातला एक कागद नीट पाहावा. दाबून वाळवलेली फांदी, पान, फूल, जमल्यास फळही. खाली कोपऱ्यात चिठ्ठी, आणि तिच्यावर गाव, नाला, तारीख, संग्राहकाचा क्रमांक. अंजन आणि सालई ही खानदेशच्या कोरड्या रानाची ओळख. अंजनाच्या फांद्या चाऱ्यासाठी छाटल्या जातात, सालईतून डिंक काढला जातो. एखाद्या टेकडीवर ही झाडे कधी होती आणि कधी विरळ झाली, हे वाद घालून ठरत नाही. त्यासाठी तारखेचा पुरावा लागतो. यावल अभयारण्य १९६९ मध्ये झाले, अनेर धरणाचे १९८६ मध्ये. तिथे काय टिकले हे सांगायला मूळ नोंद हवी, आणि ती मागाहून तयार करता येत नाही. भिल्ल आणि पावरा समाजाला हे रान आधीपासून ठाऊक होते, मग संशोधकाने नवे ते काय केले, असाही प्रश्न विचारला जातो. तो टाळता येणार नाही. औषधी झाडांवरचे कितीतरी प्रबंध याच माणसांच्या सांगण्यावर उभे आहेत. म्हणून सांगणाऱ्याचे नाव त्याच्या संमतीने प्रबंधात यावे आणि ते ज्ञान गावाच्या जैवविविधता नोंदवहीत परत जावे. २००२ च्या जैवविविधता कायद्याने अशा नोंदवहीची वाट घालून दिली आहे.

बुरशीच्या बाबतीत मात्र आपण अजून फार मागे आहोत. शेतकऱ्याच्या मनात बुरशी म्हणजे केळीवरचा करपा किंवा मर, त्यामुळे अभ्यासही रोगापाशी थांबतो. पडलेले लाकूड कुजवणाऱ्या, वारुळातून छत्रीसारख्या उगवणाऱ्या, झाडांच्या मुळांशी नाते जोडून राहणाऱ्या बुरशी त्यात येत नाहीत. पानझडीच्या रानात पालापाचोळ्याची माती होते ती मुख्यतः त्यांच्या जोरावर. फांदी दाबून ठेवली की वर्षानुवर्षे ओळखता येते. अळंबी वाळली की तिचा रंग जातो, आकार आक्रसतो. ताजी असतानाच तिची टोपी कापून कागदावर पालथी ठेवायची, वर वाटी झाकायची आणि रात्रभर थांबायचे. सकाळी कागदावर बीजाणूंचा ठसा उमटलेला असतो. त्याचा रंग ओळखीच्या कामी येतो, म्हणून तो त्याच दिवशी लिहून ठेवावा लागतो. महाविद्यालयांकडे महागडी उपकरणे नाहीत, डीएनए तपासणीशिवाय आजकाल बुरशीची जात ठरत नाही, हे म्हणणे अंशतः खरे आहे. तपासणी पुण्याला करून घेता येते. पण वाळवलेला नमुना आणि ताज्या अवस्थेतली टिपणे हाती नसतील तर प्रयोगशाळेला पाठवायचे काय? अळंबी पावसाळ्यात चार-दोन दिवस दिसते, पाऊस उघडला की गायब होते. बाहेरगावच्या अभ्यासकाला दौरा आखून ती गाठणे अवघड; चोपडा, यावल, शिरपूरच्या विद्यार्थ्याला पाऊस पडल्याच्या दुसऱ्या दिवशी रानात पोहोचता येते.