सीपॅप उपचार

सीपॅप उपचार ही अवरोधी स्लीप अ‍ॅप्निया या निद्राविकारावरील प्रमुख उपचारपद्धती आहे. या विकारात झोपेत घशाचे स्नायू शिथिल होऊन श्वासमार्ग वारंवार बंद होतो, रक्तातील ऑक्सिजन घटतो व झोप मोडते. तासाला असे ३० किंवा अधिक प्रसंग घडल्यास विकार तीव्र मानला जातो.

इतिहास
पूर्वी तीव्र विकारात गळ्यातील श्वासनलिकेस छिद्र पाडण्याची शस्त्रक्रिया करीत. सिडनी येथील कॉलिन सलिव्हन व सहकाऱ्यांनी १९८१ मध्ये ‘द लॅन्सेट’ या नियतकालिकात सीपॅपची पद्धत मांडली.

कार्य
यंत्र खोलीतील हवा गाळून नळी व मुखवट्यावाटे सतत दाबाने पुरवते. हा दाब साधारणतः ४ ते २० सेंमी जलस्तंभाइतका असतो. त्यामुळे श्वासमार्ग मिटत नाही. यंत्रातून वेगळा ऑक्सिजन दिला जात नाही.

दैनंदिन वापर
नाक कोरडे पडणे, मुखवट्यातून हवा निसटणे, त्वचेवर वळ उठणे व कोंडल्यासारखे वाटणे या नेहमीच्या तक्रारी होत. योग्य मापाचा मुखवटा, हवा दमट करणारे उपकरण आणि दिवसा जागेपणी केलेला सराव यांनी त्या बहुधा कमी होतात. मुखवटा रोज सौम्य साबणाने धुवावा लागतो.

मर्यादा
सीपॅपने विकार समूळ बरा होत नाही. मुखवटा काढताच श्वासरोध परततो. हृदय वा मेंदूच्या रक्तवाहिन्यांचा विकार असलेल्या रुग्णांच्या २०१६ मधील ‘सेव्ह’ चाचणीत दिवसाची झोपाळूपणाची तक्रार घटली. हृदयविकाराचे झटके व पक्षाघात मात्र घटले नाहीत. त्या चाचणीत यंत्राचा सरासरी वापर रात्री ३.३ तासच होता.