चौकोनी खूण

शिवाजी पार्कचें मैदान मुंबईच्या म्युनिसिपालिटीनें १९२५ सालीं लोकांस खुलें केलें. त्या वेळीं त्याला माहीम पार्क म्हणत. १९२७ सालीं, शिवछत्रपतींच्या जन्माच्या त्रिशताब्दीच्या निमित्तानें, नगरपित्यांमध्यें बसणाऱ्या अवंतिकाबाई गोखले यांच्या पुढाकारानें त्याला आजचें नांव मिळालें. सुमारें २८ एकरांच्या या जागेंत एकाच दुपारीं कित्येक सामने चालतात. एका सामन्याचा क्षेत्ररक्षक दुसऱ्या सामन्याच्या पंचापाठीमागें उभा असतो, आणि कोणता चेंडू कोणाचा हें नवख्याला उमगत नाहीं. अशा गर्दींत पंचाचें बोट वर गेलें कीं वाद संपला, हा येथील जुना कायदा. बाद ठरलेल्या मुलानें कितीही मान हलविली तरी घडून गेलेला क्षण परत बोलावून दाखविण्याची सोय मैदानावर नव्हती. रमाकांत आचरेकर यांच्या शिस्तींत याच मैदानावर घडलेल्या एका फलंदाजावर, असा परत बोलाविलेला क्षण साक्षीला घेऊन निर्णय होण्याचा पहिला प्रसंग यावा, हा योगायोग मोठा नवलाचा आहे.

तो दिवस १४ नोव्हेंबर १९९२ चा, आणि स्थळ दक्षिण आफ्रिकेंतील डर्बन. वर्णद्वेषाच्या राजनीतीमुळें बहिष्कृत झालेल्या त्या देशांत २२ वर्षांनीं कसोटी सामना होत होता. सचिन तेंडुलकर तेव्हां १९ वर्षांचे होते आणि ११ धावांवर खेळत होते. धाव घेण्यासाठीं पुढें गेलेले ते मागें परतत असतां जाँटी ऱ्होड्स यांनीं चेंडू उचलून फेंकला व यष्टी मोडली गेली. पंच सिरिल मिचली यांनीं स्वतः निकाल न देतां बाहेर बसलेल्या तिसऱ्या पंचास खूण केली. कार्ल लिबेनबर्ग यांनीं पडद्यावर तो क्षण पुन्हा पाहिला, हिरवा दिवा लागला आणि तेंडुलकर धावबाद झाले. चलच्चित्र पाहून कसोटींत बाद दिलेला हा पहिला फलंदाज. त्याच डावांत आचरेकरांचे दुसरे शिष्य प्रवीण आमरे यांनीं आपल्या पहिल्याच कसोटींत १०३ धावा काढल्या. दादरकरांस त्या सामन्याची हीच आठवण अधिक प्रिय असावी, आणि त्यांत वावगें कांहींच नाहीं.

परंतु त्या थोडक्या वेळांत खरोखर काय घडलें, हें बारकाईनें पाहण्याजोगें आहे. चित्रें आधींच तयार होतीं. कॅमेरे सकाळपासून चालू होते आणि घरीं बसलेला प्रेक्षक हवें तें पाहतच होता. तरीही निकालाच्या कामीं तीं चित्रें आपण होऊन पुढें आलीं नाहींत. अधिकार असलेल्या माणसानें ठरलेली खूण केली, ती खूण पाहण्यासाठीं दुसरा माणूस सज्ज बसला होता, त्यानें चित्र मागें नेलें, थांबविलें, पाहिलें आणि उत्तर दिव्याच्या रूपानें परत पाठविलें. पंचांनीं बोटांनीं हवेंत काढावयाचा चौकोन ही खूण पुढें सर्वत्र रूढ झाली. दिव्याचा अर्थ मात्र पालटला. डर्बनला हिरवा दिवा म्हणजे बाद. पुढें लाल दिवा म्हणजे बाद अशी रीत पडली. दिव्याच्या रंगाला स्वतःचा अर्थ नसतो. दोन्हीं टोकांच्या माणसांनीं तो आधीं ठरवून घ्यावा लागतो.

चित्र मागें नेण्याची ही कला अमेरिकेंत जन्मली. ७ डिसेंबर १९६३ रोजीं फिलाडेल्फिया येथें लष्कर व आरमार यांच्या विद्यालयांमधील फुटबॉलचा सामना होता. टोनी व्हर्ना या तरुण दिग्दर्शकानें अर्ध्या टनाहून जड असें फितीचें यंत्र तेथें नेलें. अडचण अशी कीं फीत मागें गुंडाळतां येई, पण हवा तो क्षण कोठें आहे हें कळत नसे. व्हर्नानें त्यावर नामी तोड काढली. खेळाच्या निरनिराळ्या टप्प्यांवर, प्रेक्षकांस ऐकूं न जाणारे आवाज त्यानें फितीवर उमटवून ठेवले, आणि त्या आवाजांच्या मागानें क्षण हुडकला. दिवसभरांत ही युक्ति एकदांच साधली, आणि त्या एका वेळीं निवेदकास प्रेक्षकांना बजावून सांगावें लागलें कीं लष्कराच्या संघानें दुसऱ्यांदा गुण मिळविलेला नाहीं! १९६७ सालीं अँपेक्स कंपनीचें तबकडीचें यंत्र आलें. त्यांत ३० सेकंदांचें चित्र मावे, पण तें सावकाश चालवितां येई व जागच्या जागीं थांबवितां येई. १९९४ मध्यें बेल्जममध्यें स्थापन झालेल्या ईव्हीएस कंपनीच्या यंत्रांनीं फीत काढून टाकली. एकीकडे चित्र नोंदलें जात असतांच दुसरीकडे दांडा पुढेंमागें सारून जुना क्षण हव्या त्या गतीनें पाहतां येऊं लागला.

आज हाच दांडा प्रत्येकाच्या खिशांतील फोनच्या कांचेवर रेघेच्या रूपानें येऊन बसला आहे. त्या रेघेवर बोट सरकलें म्हणजे काय करावें, हें सांगणाऱ्या आज्ञांचे तयार संच संगणकाचे कारागीर वापरतात. त्यांस ते लायब्ररी म्हणतात. पॅरिसमधील विद्यार्थ्यांनीं १९९६ सालीं आरंभिलेल्या व्हीएलसीच्या पोटांत असाच एक संच आहे. बोटाचा स्पर्श झाला कीं त्याची वर्दी निघते. तिला इव्हेंट म्हणतात, आणि ती ऐकण्यासाठीं आज्ञावलीचा एक भाग आधींच कान देऊन बसलेला असतो. वर्दीला कान नेमलेला नसेल तर बटण दाबूनही कांहीं होत नाहीं. यांतील एक भेद मोठा मार्मिक आहे. क्षणाची मागणी झाली ही एक वर्दी, आणि तो क्षण सांपडून पडद्यावर आला ही दुसरी. पहिलीस सीकिंग व दुसरीस सीक्ड अशीं निराळीं नांवें आहेत. या दोहोंची गल्लत करणारा नवशिका कारागीर चित्र येण्यापूर्वींच ‘आलें’ असें सांगून मोकळा होतो. तिसऱ्या पंचानें खूण दिसतांच, चित्र न पाहतां दिवा लावावा, तसाच हा प्रकार.

मात्र सर्व यंत्रणा सज्ज असूनही एक प्रश्न उरतो : मागणी करावी कोणीं? डर्बननंतर अवघ्या १२ दिवसांनीं जोहान्सबर्गची कसोटी सुरू झाली आणि तो प्रश्न उघडा पडला. ऱ्होड्स २८ धावांवर असतां त्यांच्याविरुद्ध धावबादाचें अपील झालें. पंच स्टीव्ह बकनर यांनीं तिसऱ्या पंचाकडे न जातां तें फेटाळलें. पडद्यावर ऱ्होड्स बाद असल्याचें जगानें पाहिलें. त्यांनीं पुढें ९१ धावा केल्या. यंत्रांत दोष नव्हता, चित्रांत नव्हता. खूणच झाली नाहीं, आणि खूण करण्याचा हक्क एकट्या पंचाचा होता. भारतीय संघाला पाहत राहण्यापलीकडे कांहीं करतां आलें नाहीं. संगणकाच्या जगांत पेंच उलट बाजूनें आला. तेथें चित्रें कोणीं न मागतांच मोठ्यानें वाजूं लागलीं, तेव्हां २०१८ सालीं क्रोम या ब्राउझरनें आवाजासह आपोआप चालणाऱ्या चित्रांस आळा घातला. वापरणाराचा स्पर्श हीच बहुतेक ठिकाणीं अधिकृत मागणी ठरली.

क्रिकेटमध्यें हक्काची वांटणी व्हावयास बरीच वर्षें लागलीं. २००८ सालीं कोलंबो येथें भारत व श्रीलंका यांच्या कसोटींत खेळाडूंस प्रथमच दाद मागण्याची मुभा मिळाली. दोन हातांनीं ‘टी’ अक्षराची खूण करावयाची, तीही ठराविक वेळांत, आणि फुकट गेलेल्या मागण्यांना मर्यादा. मर्यादा नसती तर प्रत्येक चेंडूमागें खूण झाली असती. पुढील वर्षीं ही पद्धत कसोटींत रीतसर आली, परंतु भारतीय मंडळाचा तिच्यावर विश्वास बसेना. नोव्हेंबर २०१६ मध्यें राजकोटला इंग्लंडविरुद्ध ती स्वीकारली गेली, तेव्हां तेंडुलकर निवृत्त होऊन तीन वर्षें लोटलीं होतीं. मायदेशींच्या कसोटींत त्यांना ही खूण करण्याची संधि कधीं मिळालीच नाहीं.

विश्वचषकांत मात्र मिळाली. ३० मार्च २०११ रोजीं मोहालीस पाकिस्तानविरुद्ध उपांत्य सामना होता. सईद अजमल यांच्या चेंडूवर पंच इयन गूल्ड यांनीं तेंडुलकरांस पायचीत दिलें. त्या वेळीं त्यांच्या २३ धावा झाल्या होत्या. त्यांनीं दाद मागितली, क्षण परत बोलाविला गेला, आणि चेंडू यष्टी चुकवून जाणार होता असें यंत्रानें दाखविलें. गूल्ड यांनीं आपला निकाल फिरविला, आणि तेंडुलकर ८५ धावा करून मगच परतले.