घटकसाठवण (एंटिटी कंपोनंट सिस्टिम)
घटकसाठवण म्हणजे संगणकीय खेळातील वस्तूंचे गुणधर्म मेमरीत कोणत्या रचनेत ठेवायचे याची निवड होय. एंटिटी कंपोनंट सिस्टिम या पद्धतीत खेळातील प्रत्येक वस्तू ही केवळ एक क्रमांक असते. तिचे स्थान, वेग, विषबाधा इत्यादी गुणधर्म 'घटक' म्हणून स्वतंत्रपणे साठवले जातात.

सेकंदाला 60 चौकटी दाखवणाऱ्या खेळात एका चौकटीच्या वाट्याला जेमतेम 16.7 मिलिसेकंद येतात. प्रोसेसर मेमरीतून एका वेळी सलग बाइटांचा गट (बहुधा 64 बाइट) उचलतो. त्यामुळे शेजारी ठेवलेले घटक झपाट्याने वाचले जातात. विखुरलेले घटक प्रोसेसरला ताटकळत ठेवतात आणि हजारो शत्रू असलेला खेळ अडखळू लागतो.

रस्ट भाषेतील बेव्ही या मुक्तस्रोत इंजिनाने 2021 मधील 0.5 आवृत्तीपासून प्रत्येक घटकासाठी दोन पर्याय उपलब्ध केले. वेगळे काही न सांगितल्यास 'टेबल' लागू होते. त्यात समान घटक असलेल्या वस्तू एकाच कोष्टकात सलग राहतात. मात्र एखादा घटक जोडला वा काढला, की त्या वस्तूची संपूर्ण ओळ दुसऱ्या कोष्टकात हलवावी लागते. 'स्पार्स सेट'मध्ये ही हलवाहलव टळते, पण वाचन मंदावते. म्हणून स्थान व वेग टेबलमध्ये, तर वारंवार जडणारी आणि उतरणारी विषबाधा स्पार्स सेटमध्ये ठेवणे इष्ट. बहुतेक लहान खेळांना एकटे टेबलही पुरते.

घटकाच्या व्याख्येवरील एका ओळीने ही निवड बदलता येते. तो वापरणारी उर्वरित आज्ञावली तशीच राहते.