नभोवाणीवरील संगीत व भाषणे : ठाणे-कल्याण परिसर

अभिजात संगीत आणि सांस्कृतिक विषयांवरील भाषणे यांचे सायंकाळी वा रात्री नियत वेळी होणारे ध्वनिक्षेपण. ठाणे, डोंबिवली व कल्याण येथील रहिवाशांचा त्याच्याशी संबंध मुख्यतः मुंबई केंद्राचे श्रोते म्हणून आला.

या परिसरातील वाचन-श्रवणाची परंपरा नभोवाणीपूर्वीची आहे. कल्याणचे सार्वजनिक वाचनालय (१८६४), ठाण्याचे मराठी ग्रंथसंग्रहालय (१८९३) व कल्याण गायन समाज (१९२६) या तिच्या प्रमुख संस्था होत. लोहमार्ग ठाण्यास १८५३ मध्ये व कल्याणास १८५४ मध्ये पोहोचला. तथापि मुंबईतील रात्रीची मैफल शेवटपर्यंत ऐकणे परतीच्या गाडीवर अवलंबून असे.

इंडियन ब्रॉडकास्टिंग कंपनीचे मुंबई केंद्र २३ जुलै १९२७ रोजी सुरू झाले. त्याच्या १·५ किवॉ. प्रेषकाचा पल्ला सु. ४८ किमी. असल्याने हा परिसर त्याच्या कक्षेत आला. १९३० मध्ये ही सेवा शासनाने हाती घेतली. १९३६ मध्ये तिला ‘ऑल इंडिया रेडिओ’ हे नाव मिळाले. १९५२ मध्ये शनिवारी रात्रीचा संगीताचा राष्ट्रीय कार्यक्रम व १९५५ मध्ये सरदार पटेल स्मारक व्याख्यानमाला सुरू झाली. संस्थानिकांचा दरबार वा तिकिटाची मैफल ज्यांच्या आवाक्याबाहेर होती, त्यांना नामवंतांचे गायन घरबसल्या ऐकता येऊ लागले.

हा लाभ निर्बंधांसह आला. काय ऐकवावे, हे केंद्र ठरवी. महाराष्ट्रातील मैफलीत रुळलेल्या हार्मोनियमवर १९४० मध्ये बंदी आली व ती १९७१ मध्ये अंशतः शिथिल झाली. कलावंतांच्या चाचणी व श्रेणीकरणाच्या पद्धतीस १९५२ नंतर तीव्र विरोध झाला. रागविस्तारही नेमून दिलेल्या वेळेत बसवावा लागे. श्रोत्यांची दाद गायकापर्यंत पोहोचत नसे. मैफलीतील हा संवाद स्थानिक संस्थांनीच टिकविला. कल्याण गायन समाजाचा देवगंधर्व महोत्सव व ठाण्यातील पं. राम मराठे यांच्या नावाचा संगीत महोत्सव ही त्याची उदाहरणे होत.

मुंबई दूरदर्शन (१९७२) व ध्वनिफिती यांच्या प्रसारानंतर घरातील सायंकाळवरील नभोवाणीचा प्रभाव ओसरला. आकाशवाणीने २०१६ मध्ये अभिजात संगीतास वाहिलेली ‘रागम्’ ही अहोरात्र वाहिनी सुरू केली. त्यामुळे संगीत कोणत्याही प्रहरी उपलब्ध झाले. परंतु नेमक्या वेळी सर्वांनी मिळून ऐकण्याची जुनी रीत मागे पडली.