मध्यरात्रीचे नागपूर

दोन विमानतळांमधले अंतर भागिले विमानाचा वेग म्हणजे प्रवासाचा वेळ, असे गणित आपण वर्गात घालतो. उत्तर बरोबर येते, पण पत्र केव्हा पोचेल हे त्यातून कळत नाही. याचे उत्तम उदाहरण लाखांदूरच्या शिक्षकांना अगदी जवळ सापडेल. लाखांदूरपासून सरळ रेषेत सुमारे ९५ कि.मी.वर नागपूरचे सोनेगाव विमानतळ आहे. ३० जानेवारी १९४९ पासून तेथे रात्रीची हवाई टपालसेवा सुरू झाली.

मुंबई, दिल्ली, कलकत्ता आणि मद्रास येथून रोज रात्री एकेक विमान टपाल घेऊन निघे. चारही विमाने मध्यरात्रीच्या सुमारास नागपुरात जमत, पोत्यांची अदलाबदल होई आणि पहाटेपर्यंत ती आपापल्या शहरी परतत. संध्याकाळी पेटीत टाकलेले पत्र दुसऱ्या दिवशी दुसऱ्या टोकाला!

नागपूरच का? नकाशावर दोरा ताणून पाहावा. मुंबई–कलकत्ता सरळ अंतर सुमारे १६६० कि.मी.; नागपूरमार्गे ६८५ अधिक ९८५, म्हणजे १६७०. दिल्ली–मद्रास १७५५ कि.मी.; नागपूरमार्गे ८५० अधिक ९०५, फरक जवळजवळ शून्य. नागपूर दोन्ही रेषांच्या छेदाजवळच बसले आहे. दिल्ली–मुंबई पत्राला मात्र ११४० ऐवजी १५३५ कि.मी. फिरावे लागे. तोटा उघड आहे, तरी तो सोसण्याजोगा होता. चार शहरांच्या जोड्या सहा. प्रत्येक जोडीसाठी दोन्ही दिशांनी थेट विमान सोडायचे तर रात्री बारा उड्डाणे लागतील. नागपुरात भेट घडवली की जाऊन-येऊन आठ पुरतात. आणि लहान अंतर वाचवून तरी काय? टपाल कचेरी सकाळीच उघडणार.

सुरुवातीची विमाने डाकोटा होती. वेग ताशी सुमारे २७० कि.मी. धरू. मुंबईहून अडीच तास लागतील, कलकत्त्याहून साडेतीनहून थोडे अधिक. म्हणजे मुंबईचे विमान तासभर उशिरा निघाले तरी चालेल. पण एकाला उशीर झाला की तिघांनी थांबायचे. थेट विमानांच्या व्यवस्थेत ही अडचण नसते.

१ एप्रिल १९४९ पासून साधी पत्रेही, जेथे वेळ वाचेल तेथे, जादा आकाराशिवाय विमानाने जाऊ लागली. रात्रीची ही सेवा १९७० च्या दशकात बंद पडली.

लाखांदूरच्या पत्राची गोष्ट मात्र वेगळी. कलकत्त्याचे पत्र ९८५ कि.मी. रातोरात येई, आणि उरलेल्या शंभरेक कि.मी.साठी जमिनीवरच्या वाहनाची वाट पाही. त्या वाहनाचा वेग घेऊन, आणि वाट पाहण्याचे तास त्यात मिळवून, मुलांना एकूण सरासरी वेग काढायला सांगावा. चारही विमाने बरोबर बारा वाजता उतरवायची तर कोणी केव्हा निघावे, हेही. मुंबईचे उत्तर साडेनऊच्या जरा आधी येते.