उद्यम नोंदणी: कागद न मागता तुमच्या व्यवसायाची पडताळणी कशी होते?

उद्यम नोंदणी ही सूक्ष्म, लघु आणि मध्यम उद्योगांसाठी केंद्र सरकारची ऑनलाइन नोंदणी आहे. 1 जुलै 2020 पासून तिने जुन्या ‘उद्योग आधार’ची जागा घेतली. शिवणकाम, पापड-लोणची, गॅरेज, पिठाची गिरणी, छोटे दुकान असे व्यवसाय येथे नोंदवता येतात. नोंदणीला शुल्क नाही आणि एकही कागद अपलोड करावा लागत नाही.

बहुतेक अर्जदारांना या शेवटच्या गोष्टीवर विश्वास बसत नाही. कागद नाहीत तर तपासणी कशी होणार, असे त्यांना वाटते आणि मग ते एखाद्या एजंटाकडे जातात. तपासणी होते, फक्त ती तुमच्या समोर होत नाही. तुम्ही आधार क्रमांक आणि आधारवरील नाव भरता, मोबाइलवर ओटीपी येतो, तो टाकल्यावर ओळख पटते. त्यानंतर पॅन भरले की पोर्टल ते आयकर विभागाच्या नोंदींशी जुळवते. विवरणपत्र भरले असेल तर गुंतवणूक आणि उलाढालीचे आकडे तिथून, तर जीएसटी क्रमांक असेल तर संबंधित माहिती जीएसटीच्या नोंदींतून घेतली जाते. विवरणपत्र कधीच भरले नसेल, तर हे आकडे तुम्ही स्वतःच जाहीर करायचे असतात. जाणूनबुजून खोटी माहिती दिल्यास एमएसएमईडी कायद्याच्या कलम 27 नुसार दंड होऊ शकतो.

म्हणूनच अर्ज अडतो तो सहसा नावाशी. लग्नानंतर आधारवर सासरचे नाव आले आणि पॅनवर माहेरचेच राहिले, हे घरोघरी घडते. आधारच्या रकान्यात आधारवरील नाव आणि पॅनच्या रकान्यात पॅनवरील नाव व जन्मतारीख, अगदी कार्डावर आहे तशीच लिहा. जे ‘बरोबर’ वाटते ते लिहू नका. पुढे कर्जाच्या वेळी बँक दोन्ही कार्डे शेजारी ठेवून पाहते, त्यामुळे शक्य असेल तर नावाची दुरुस्ती आधीच करून घेतलेली बरी.

मोबाइल क्रमांक कोणाचा?

या लेखातील एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा: अर्जात मोबाइल क्रमांक आणि ईमेल तुमचाच असावा. अर्ज भरून देणारे काही जण तिथे स्वतःचा क्रमांक टाकतात. त्या दिवशी काही बिघडत नाही, प्रमाणपत्रही हातात येते. पण नंतर पत्ता बदलायचा, नवे काम जोडायचे किंवा प्रमाणपत्र पुन्हा छापायचे म्हटले की पोर्टल अर्जात दिलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवर ओटीपी पाठवते. तो क्रमांक दुसऱ्याचा असेल, तर तुमच्याच व्यवसायाच्या नोंदीसाठी प्रत्येक वेळी त्याच्या दारात जावे लागते. मुलाकडून, शेजाऱ्याकडून अर्ज भरून घ्या, हरकत नाही. क्रमांक मात्र स्वतःचा द्या आणि ओटीपी फोनवर कोणालाही सांगू नका.

अधिकृत पत्ता ‘उद्यमरजिस्ट्रेशन डॉट गव्ह डॉट इन’ हा आहे. हुबेहूब सरकारी दिसणारी आणि ‘शुल्क’ मागणारी खाजगी संकेतस्थळे बरीच आहेत. पैसे मागणारे पान दिसले की ते बंद करा.

फॉर्ममधील अडणारे शब्द

‘प्लांट किंवा युनिट’ म्हणजे कारखानाच असला पाहिजे असे नाही. जिथे काम चालते ती जागा. घरातली एक खोलीही चालते. ‘गुंतवणूक’ म्हणजे यंत्रे आणि उपकरणे यांची किंमत. जमीन आणि इमारत त्यात धरायची नाही. 1 एप्रिल 2025 पासून गुंतवणूक अडीच कोटी रुपयांपर्यंत आणि वार्षिक उलाढाल 10 कोटी रुपयांपर्यंत असेल तर उद्योग ‘सूक्ष्म’ ठरतो, म्हणजे हा लेख वाचणारे बहुतेक जण सूक्ष्मच.

‘एनआयसी कोड’ मात्र सावकाश निवडा. लोणचे तुम्ही स्वतः घालून विकत असाल तर तो व्यापार नव्हे, उत्पादन आहे. घाईत ‘किरकोळ विक्री’ निवडली तर नुकसान होते. किरकोळ आणि घाऊक व्यापाऱ्यांना 2 जुलै 2021 पासून नोंदणी करता येते, पण त्यांना लाभ मिळतो तो बँकांच्या प्राधान्य क्षेत्र कर्जापुरताच. माल घेणाऱ्याने ठरलेल्या मुदतीत, आणि जास्तीत जास्त 45 दिवसांत, पैसे द्यावेत असा जो हक्क सूक्ष्म व लघु उत्पादक आणि सेवा देणाऱ्यांना आहे, तो व्यापाऱ्यांना नाही. एका व्यवसायाची एकच नोंदणी होते, पण तिच्यात अनेक कामे जोडता येतात. शिवणकाम आणि कापडविक्री दोन्ही करत असाल तर दोन्ही लिहा.

पॅन किंवा जीएसटी नसेल तर

हातगाडी, घरगुती खाणावळ, टोपल्या विणणे अशा अनौपचारिक सूक्ष्म उद्योगांसाठी जानेवारी 2023 मध्ये ‘उद्यम असिस्ट’ सुरू झाले. ते सिडबी चालवते. येथे तुम्ही स्वतः अर्ज करत नाही. तुमची बँक, बचत गटाला कर्ज देणारी वित्तसंस्था किंवा अशीच नेमलेली संस्था तुमच्या संमतीने माहिती भरते. म्हणून शाखेत जाऊन ‘माझी उद्यम असिस्टवर नोंद झाली आहे का?’ असे विचारा. कर्ज चालू असेल तर ती कदाचित झालेलीही असेल. पीएम विश्वकर्मा योजनेतील कारागिरांचीही नोंद याच मंचावर केली जाते. हे प्रमाणपत्र प्राधान्य क्षेत्र कर्जासाठी सूक्ष्म उद्योगाचा पुरावा म्हणून धरले जाते.

कोणतेही प्रमाणपत्र म्हणजे मंजूर कर्ज नव्हे. बँक तुमची परतफेड, खात्यातील व्यवहार आणि गरज वेगळी तपासते. ‘उद्यम काढा, दोन लाख खात्यात’ असे सांगणाऱ्याला टाळा.

प्रमाणपत्रावर क्यूआर कोड असतो. खात्री करायची असेल तर पोर्टलवरच्या पडताळणीच्या पानावर उद्यम क्रमांक टाकून पाहा. क्रमांक हरवला असेल तर तो पुन्हा मिळवण्याची सोयही तिथेच आहे, अर्थात ओटीपी नोंदवलेल्या मोबाइलवर किंवा ईमेलवरच येतो. ज्यांच्याकडे आधार नाही किंवा पोर्टलवर अर्ज पुढे सरकत नाही, त्यांनी आपल्या जिल्ह्याच्या जिल्हा उद्योग केंद्रात जावे. तिथेही नोंदणीसाठी पैसे द्यायचे नसतात.