दाराच्या चौकटीतलं वचन

अब्राहामाला मिळालेलं देवाचं वचन त्याच्या एकट्यापुरतं कधीच नव्हतं. भूमी मिळायची होती ती त्याच्या वंशाला. इसहाकाला ते पुन्हा ऐकवलं गेलं, याकोबाला बेथेल इथे उघड्यावर झोपला असताना स्वप्नात. याकोबानंतर मात्र घराण्यात पिढीगणिक असं दर्शन घडत नाही. मग नातवा-पणतवांना वचन पोचायचं कसं? बायबलमधल्या ‘अनुवाद’ या पुस्तकाने काढलेली तोड अगदी घरगुती आहे. बसता-उठता, वाटेवर, अंथरुणावर पाठ टेकताना मुलांपाशी हेच बोलत राहायचं, आणि दाराच्या चौकटीवर लिहून ठेवायचं.

हेच पुस्तक मानणाऱ्या शोमरोनी (समॅरिटन) लोकांनी ही आज्ञा शब्दशः पाळली. शास्त्रवचनं कोरलेले त्यांचे दगडी फलक उत्खननांत मिळाले आहेत. यहुद्यांनी चर्मपत्र निवडलं. त्यावर लिहायचं, गुंडाळी करायची आणि ती चौकटीला लावायची, हीच मेझुझा. मृत समुद्राकाठी कुमरानच्या आठव्या गुहेत अशी एक गुंडाळी सापडली. जेरुसलेमचं मंदिर इ.स. 70मध्ये पडलं, त्याआधीची. तिच्यातला उतारा मात्र आजच्याहून वेगळा आहे, म्हणजे काय लिहायचं हे तोवर सर्वत्र पक्कं झालं नव्हतं.

पुढे ‘अनुवाद’च्या सहाव्या आणि अकराव्या अध्यायांतले दोन उतारे ठरले. पहिल्यात देव एकच असल्याची घोषणा, तिलाच शमा म्हणतात. दुसऱ्यात पूर्वजांना शपथपूर्वक देऊ केलेली भूमी येते, पण अटीसकट. आज्ञा पाळल्या तर वेळेवर पाऊस, धान्य, द्राक्षारस, तेल. पाठ फिरवली तर आभाळ बंद. मला ही निवड फार धीट वाटते. दाराला लावायला निव्वळ आशीर्वाद कुणीही निवडला असता.

मजकूर 22 ओळींचा, अक्षरं 713. सोफेर म्हणजे लेखनिक ती बोरूने क्रमाने लिहितो. एक अक्षर तुटलं तरी गुंडाळी बाद. आणि एवढ्या निगुतीने लिहिलेली गुंडाळी डबीत बंद होते. रोज डबीला लावलेली बोटं ओठांशी नेतात, पण गुंडाळी वाचत कुणी नाही. सात वर्षांत दोनदा उघडून तपासायची, एवढंच. म्हणजे शिकवण्याचं काम शेवटी तोंडानेच करावं लागतं.

बंद वस्तूचा ताईत व्हायला वेळ लागत नाही. काहीजण आत देवदूतांची नावं लिहू लागले, तेव्हा बाराव्या शतकात यहुदी धर्मपंडित मायमोनिडीसने त्यांना खडसावलं की तुम्ही आज्ञेचा स्वार्थासाठी गंडा करताय.

तिरकेपणाची गोष्ट तर खास आहे. फ्रान्समधल्या त्र्वा गावचे भाष्यकार राशी म्हणाले, मेझुझा उभी लावावी. त्यांचा नातू रब्बेनू ताम म्हणाला, आडवी. आजोबा 1105मध्ये वारले तेव्हा नातू जेमतेम पाच वर्षांचा, त्यामुळे हा वाद समोरासमोर झालाच नाही. नातवाने तो आजोबांच्या लेखनाशी घातला. अश्केनाझी म्हणजे मध्य-पूर्व युरोपीय परंपरेच्या यहुद्यांनी दोघांचाही मान राखत ती तिरकी लावली, आणि आजही ती तशीच असते. सेफार्दी म्हणजे स्पेनकडच्या परंपरेचे यहुदी उभीच लावतात. पिढ्यांकडे सोपवलेल्या वचनाच्या डबीवर आजोबा-नातवाचा मतभेद असा कायमचा ठोकला गेला, हे मला साजेसंच वाटतं.

आपल्या कोकणातल्या बेने इस्रायल यहुद्यांची कथाही पिढ्यांकडे सोपवण्याच्या याच धाग्याची. अलिबागजवळ नवगावच्या किनाऱ्यावर गलबत फुटून पूर्वज वाचले आणि सगळे ग्रंथ समुद्रात गेले, असं ते सांगतात. ते तेलाच्या घाण्यावर राबले, शनिवारी घाणा बंद ठेवून ‘शनवार तेली’ म्हणवले गेले. हिब्रू विसरले, पण शमाची ओळ उरली. बारसं असो, लग्न असो वा मयत, तीच म्हणायची. पुढे दाविद राहाबी नावाचा यहुदी कोकणात आला. परंपरेप्रमाणे, शब्बाथ म्हणजे शनिवारची विश्रांती, खवल्यांचेच मासे खाण्याचा नियम आणि शमाची ओळ यांवरून त्याने बेने इस्रायलांना यहुदी म्हणून ओळखलं. मग त्याने तीन तरुणांना धर्मविधी शिकवले. झिराटकर, राजपूरकर, शापूरकर ही त्यांची घराणी. त्यांना काजी म्हणत, आणि ते काजीपण पुढे बापाकडून मुलाकडे जात राहिलं.